इरल्याखालचा वाटा

“ही नुसती लिवती. बोलत न्हाई.”

रांगेतल्या एकीने मागच्या बाईला सांगितलं आणि दोघी हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं. मला ऐकू आलं आहे हे त्यांना कळू नये म्हणून मी मान खाली घालून पिवळ्या कार्डांची चवड सारखी करत राहिले. बाहेर आषाढातला पाऊस गेले चार दिवस होता तसाच होता. पडवीत तीन दगडांच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात मक्याच्या पिठाची लापशी रटरटत होती, आणि शेजारी पत्र्याच्या डब्यातली दूध पावडर पाण्यात घुसळण्याचं काम चाललं होतं. पावडरीच्या गुठळ्या होत. त्या रवीने मोडायच्या, तरी काही राहत, आणि मुलांना त्या गुठळ्याच सर्वांत जास्त आवडत. ओल्या लाकडाचा धूर, त्या परदेशी दुधाचा किंचित उग्र वास आणि पावसात भिजलेल्या पन्नासेक माणसांचा वास, असा तो तिहेरी वास माझ्या एकुलत्या एका शालीला पुढची दोन वर्षं येत होता.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पुण्याला मुलींच्या इंग्रजी शाळेत वसतिगृहात राहून शिकले, आणि शिक्षण संपवून पौडला वडिलांकडे, म्हणजे अप्पांकडे, परत आले तेव्हा माझी फार विचित्र अवस्था झाली होती. इंग्रजीत मी बरी बोले, पण पौडला ते ऐकायला कुणी नव्हतं. मराठीत बोलायला लागले की वाक्य पुस्तकातून काढून आणल्यासारखं येई आणि बाजारातल्या बायका एकमेकींकडे बघत. मग मी बोलणंच कमी केलं. त्यामुळे बघण्याची सवय मात्र लागली, आणि ती अजूनही गेलेली नाही.

मुळशीच्या धरणाच्या अंगाला, एका गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर कातकऱ्यांची एक वाडी होती. ही माणसं उन्हाळाभर कोळशाच्या भट्ट्यांवर राबत. पाऊस लागला की भट्ट्या विझत, आणि मग भाताच्या लावणीची मजुरी मिळेल तेवढीच. त्या वर्षी ठेकेदाराने भट्ट्या लवकर बंद केल्या आणि माणसांना उपाशीपोटी घरी पाठवलं. अप्पांच्या ओळखीची हॅनाबाई तेव्हा हिंदुस्थानात होती. ती स्कॉटलंडची, साठीला आलेली, उंच, हातापायाने मोठी बाई. महायुद्धात आणि त्यानंतर युरोपातल्या निर्वासितांच्या छावण्यांत तिने दहाएक वर्षं काढली होती. युद्ध कोणत्याही कारणाने करू नये या मताची ती होती आणि ते मत ती कुणालाही सांगे. पौडच्या बाजारात तिने अणुबाँबविरुद्धच्या पत्रकावर सह्या गोळा केल्या होत्या. एस.टी.चा थांबा हलवण्याचा अर्ज आहे असं समजून बऱ्याच जणांनी आनंदाने सह्या केल्या. हे मला ठाऊक होतं, पण मी तिला सांगितलं नाही.

वाडीला अन्न द्यायचं ठरलं तेव्हा हॅनाबाईने अप्पांना विचारलं होतं, ही माणसं निर्वासित आहेत का? तिच्या संस्थेकडून येणारं धान्य निर्वासितांसाठी होतं.  अप्पा म्हणाले की यांची जुनी वस्ती धरणाच्या पाण्याखाली गेली. ज्यांच्याकडे जमिनीचे कागद होते त्यांना थोडंफार मिळालं. यांच्याकडे कागद नव्हते, म्हणून यांना उठवलं एवढंच झालं. कुठली सरहद्द ओलांडली नाही म्हणून त्यांना निर्वासित म्हणत नाहीत. हॅनाबाईने तेवढ्यावर डबे मागवले.

अन्नवाटपाचं केंद्र चालवायची तिची पद्धत छावण्यांतून आली होती. दहा वर्षांखालची मुलं आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाया यांना पिवळं कार्ड. रोज कार्डाला एक भोक. आणि मुख्य नियम असा की जे मिळेल ते इथेच, डोळ्यांसमोर खायचं. बाहेर न्यायचं नाही. छावण्यांत तिने लहान मुलांची भाकरी मोठ्यांनी काढून घेतलेली पाहिली होती, पाव देऊन सिगारेटी घेतलेल्या पाहिल्या होत्या, आणि त्या मुलांची नावं तिला अजून पाठ होती. हा नियम तिने पुढे बदलला. तो कसा बदलला ते सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे. वाडीची यादी करण्याचं काम मला दिलं होतं, आणि केंद्र सुरू झाल्यावर दाराशी टेबल टाकून कार्डाला भोक पाडायचं आणि कोणी काही बाहेर नेत नाही ना ते बघायचं, हेही मलाच. बघण्याच्या कामाला माझ्यासारखं माणूस मिळणं कठीण, असं हॅनाबाई अप्पांना म्हणाली होती.

ती चुकली नव्हती. मला पहिल्या आठवड्यातच दिसलं. मुलं पातेल्याशी भराभर खात आणि शेवटचा घास तोंडात तसाच ठेवून, गाल फुगवून दाराबाहेर जात. बाया लापशीचा निम्मा भाग सागाच्या पानात गुंडाळत आणि डोक्यावर इरलं घेताना तो पुडा पाठीशी, पदराच्या आत सरकवत. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांवर पळसाची पानं बांधून केलेली होडीसारखी टोपी, डोक्यावरून थेट कमरेपर्यंत येणारी. लावणी करणाऱ्या माणसाची पाठ त्याखाली कोरडी राहते. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. मी सगळं बघत होते आणि काही बोलत नव्हते. यात दयाळूपणा होता असं आज म्हटलं तर ते खोटं होईल. एखाद्या बाईला थांबवून विचारायचं तर चार वाक्यं बोलावी लागली असती, आणि ती चार वाक्यं माझ्याच्याने झाली नसती.

आमच्या घरी तिघंच. आई मी लहान असतानाच गेली होती. स्वयंपाकघर लाजूमावशीच्या ताब्यात होतं. ती सिंधमधली. फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावणीत आली आणि तिथून अप्पांबरोबर आमच्याकडे. अप्पा त्या छावणीत वर्षभर काम करत होते, एवढंच मला माहीत होतं. मावशीची मराठी तिच्या पोळपाटासारखी होती, एका बाजूला कललेली पण कामाची. सकाळी ती कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड सिंधी रोटी, भाजायची आणि दुपारी आंबेमोहराचा भात लावायची, त्याचा वास थेट रस्त्यावर जाई. हॅनाबाई आमच्याकडे राहायला आल्यापासून मावशी तिला रोज कोकी वाढी आणि रोज म्हणे, “खा, बाई, तुझ्या हाडांना झाकायला काही तरी पाहिजे.” हॅनाबाईला शब्द कळत नसत, पण ती दुसरी मागून घेई.

रविवारी सकाळी ओसरीवर हॅनाबाईच्या पंथाची बैठक होई. बैठक म्हणजे तासभर गप्प बसणं. मूर्ती नाही, पोथी नाही, भजन नाही. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर त्याने बोलावं, नाहीतर बसून राहावं. मला ही बैठक फार आवडे, कारण जगात तेवढा एक तास माझं न बोलणं कुणाला खटकत नसे. कामाचे निर्णयही त्यातच होत. हात वर करून मतं मोजायची नाहीत. सगळ्यांची मनं जुळली तर ठरलं. एकाचं जरी मन तयार नसेल आणि त्याने तसं सांगितलं, तर ते काम पुढे ढकलायचं. अप्पांना ही पद्धत पटे. मी अशा वीसेक बैठकांना बसले असेन आणि एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

केंद्राची पडवी ज्यांची होती ते बबनराव वाडीखालच्या गावातले मोठे शेतकरी. माणूस उदार होता. जागा फुकट दिली, लाकूडफाटा दिला. पण लावणीला माणसं मिळेनात म्हणून त्या दिवसांत ते वैतागले होते. “फुकाटचं मिळाय लागलं, मग चिखलात कशाला उतरतील?” असं ते मला दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले ते वेगळंच होतं. “ताई, तुमी शिकलेल्या. तुमच्या डोळ्यांदेखत माल चाललाय. इकत्यात त्ये, सांगून ठेवतो.”

शुक्रवारी ते स्वतः दारात उभे राहिले. ठमी बाहेर निघाली होती. ठमी माझ्याच वयाची, सातवा महिना लागलेली. कार्ड पुढे करताना ती नेहमी माझ्याकडे बघून भुवई उडवायची, जणू आम्हा दोघींचं काही गुपित आहे. बबनरावांनी तिच्या डोक्यावरचं इरलं वर उचललं. पानाचा पुडा सुटला आणि पिवळी लापशी उंबऱ्यावर पडली. सगळी रांग बघत होती. ठमीने खाली वाकून, पोट सांभाळत, लापशी परत पानात भरली, मातीला लागलेलीसुद्धा, आणि इरलं तिथेच टाकून पावसात निघून गेली. हॅनाबाईने हे पाहिलं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, “तू दाराशीच असतेस. तुला हे कधी दिसलं नाही?” मी कार्डांकडे बघत राहिले. ती रागावली नाही. खूप थकल्यासारखी दिसली, एवढंच. त्या रात्री जेवताना तिने अप्पांना सांगितलं की मुलांच्या तोंडचं अन्न विकलं जात असेल तर इथलं केंद्र बंद करावं आणि डबे रिह्याच्या खोऱ्यात न्यावेत, तिथेही भुकेली माणसं आहेत. रविवारी बसून ठरवू. आषाढ अजून निम्मा होता. भट्ट्या पेटायला दिवाळी उलटावी लागणार होती.

शनिवारी केंद्राचं काम आटोपल्यावर मी ठमीचं इरलं घेऊन वाडीवर गेले. सांगितलं की इरलं परत द्यायला जाते, आणि माझा खरोखर तेवढाच विचार होता. एस.टी.तून उतरल्यावर तासभर चढ. आज भूगाववरून गाडीने येताना दुतर्फा इमारती संपतच नाहीत आणि लवळ्याच्या डोंगरावर विद्यार्थ्यांची वसतिगृहं दिसतात. माझी नात विचारते की तुम्ही इथे चालत काय म्हणून यायचात. तेव्हा चालण्याला कारण लागत नसे.

वाडीत पोचले तेव्हा मधल्या मोकळ्या झोपडीत सगळी जमली होती. ती आपसात त्यांच्या बोलीत बोलत होती, मला पाहिल्यावर थांबली. म्हातारा भिवा, ज्याचं सगळे ऐकत, तो जमिनीवर सागाची पानं मांडत होता. एका मडक्यात त्या दिवशी केंद्रातून आणलेली सगळी लापशी एकत्र केली होती. दुसऱ्यात ओढ्यातले खेकडे उकडलेले. भिवा एकेका पानावर हाताने लापशी आणि त्यावर खेकड्याचा तुकडा ठेवत होता. एखाद्या पानावर थोडं जास्त पडलं की काढून दुसऱ्यावर टाकी. मुलं बघत होती पण एकानेही हात पुढे केला नाही. आमच्या शाळेच्या भोजनगृहात अशी शिस्त लावायला दोन मास्तरणी लागत.

मी पानं मोजली. तेवीस होती. माझ्या यादीत घरं अकरा.

“बाबा, इतकी पानं कुणाची?” मी विचारलं. माझी पुस्तकी मराठी मलाच ऐकू आली.

“घरं येकोनीस,” भिवा म्हणाला. “ही दोन खेकडं धरनाऱ्या पोरांची जास्तीची. त्ये कुत्र्याचं. आन् ह्ये ठमीच्या पोटातल्याचं.”

“पोटातल्याचं?”

“त्यो बी हजरच हाय की.”

बायका हसल्या. ठमीही हसली. ती कालचं विसरली असावी असं मला वाटलं, पण इरलं हातात घेताना तिने माझ्याकडे बघून भुवई उडवली नाही.

एकोणीस घरं. मी यादी करायला आले होते तेव्हा आठ झोपड्यांची दारं सुंभाने बांधलेली होती. मी त्यांच्यापुढे ‘रिकामी’ असं लिहून पुढे गेले होते. ती माणसं घाटाच्या कड्याशी शेवटची भट्टी उपसायला गेली होती, आणि पाच दिवसांनी परत आली. शेजारी विचारायला हवं होतं. विचारायचं म्हणजे बोलायचं. मी नुसतं बघितलं आणि लिहिलं.

“पण मग तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही? त्यांचीही कार्डं झाली असती.”

“कार्ड मागाय गेलं की चिठ्ठी लागती, वळख लागती, मंग दहा वेळा हेलपाटं,” भिवा म्हणाला. “हितं वाटून घेतलं की झालं. अन्न आलंय म्हंजी वाडीला आलंय. येकानं खायाचं आन् दुसऱ्यानं बगायचं, आसं आमच्यात न्हाई.”

“हॅनाबाईंना वाटतं तुम्ही ते विकता.”

भिवाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. “ही लापशी? कोन घ्येतंय इकत?”

यावर वाडी एवढी हसली की कुत्रं उठून बसलं. मग त्याने एक पान उचललं, वेगळं, चोविसावं, त्यावर लापशी ठेवली, खेकड्याची एक नांगी ठेवली आणि माझ्यापुढे सरकवलं.

“मला नको. तुम्हालाच पुरत नाही.”

“वाटताना जो हजर, त्याला वाटा. मंग त्यो वैरी का आसंना.”

“कुणी नको म्हटलं तर?”

“आजून तरी कुनी म्हनलं न्हाई.”

मी खाली बसले आणि खाल्लं. आमच्या घरी मांसमच्छी होत नसे. नांगी कशी फोडायची ते मला येईना, तेव्हा ठमीने ती दातांनी फोडून माझ्या पानावर ठेवली. चव आज आठवत नाही. लापशी गार झाली होती आणि तिला किंचित माती लागत होती, एवढं आठवतं.

घरी आले तेव्हा संध्याकाळ होती. मावशी चुलीपुढे बसून पापड भाजत होती. तिने माझा हात धरला, बोटं नाकाशी नेली आणि लिंबाची फोड हातावर ठेवली. मी बोटांना लिंबू चोळत तिला सगळं सांगितलं. मावशीशी बोलताना मला अडत नसे, कारण तिचीही वाक्यं वाकडीच असत. तिने पापड उलटला.

“आमच्या छावणीत पण असंच होतं, बेटी. कार्डावर दोन माणसांची भाकर मिळायची. मी आणि माझा मुलगा. तो मेला. मी कुणाला सांगितलं नाही. त्याची भाकर घेत राहिले आणि शेजारणीच्या पोराला देत राहिले. नऊ दिवस. मग कुणी चुगली केली. सगळ्यांसमोर माझं कार्ड फाडलं. म्हणाले, मेलेल्याच्या नावावर खाते.”

तिला मुलगा होता हे मला तोवर माहीत नव्हतं. मी विचारलं, मग?

“टेबलावर तुझे अप्पा होते. भाकर कुणाला जाते ते त्यांनी रोज बघितलं होतं. ते गप्प बसले.” तिने पापड ताटलीत ठेवला. “दोन दिवसांनी आले, म्हणाले, माझ्या घरी चला, माझ्या मुलीला आई नाही. चांगला माणूस. कधी मोठ्याने बोलले नाहीत माझ्याशी. पण त्या दिवशी टेबलावरून एक शब्द बोलले असते ना, तर मला जास्त बरं वाटलं असतं.”

 बाहेर अप्पा कंदिलाची काच पुसत होते. त्यांना ऐकू गेलं असावं. तीच काच ते बराच वेळ पुसत होते.

रविवारी ओसरीवर चटया टाकल्या. हॅनाबाई, अप्पा, मी, आणि पहिल्यांदाच बबनराव, धुतलेलं धोतर नेसून, टोपी मांडीवर ठेवून. त्यांना गप्प बसण्याची सवय नव्हती. ते सारखे पागोळ्यांकडे बघत होते. हॅनाबाईने सुरुवातीला थोडक्यात सांगितलं आणि अप्पांनी ते बबनरावांसाठी मराठीत केलं. ती म्हणाली की वाडीवर तिचा राग नाही, भूक माणसाला काय करायला लावते ते तिने पाहिलं आहे. पण ज्या मुलाच्या नावाने अन्न आलं ते त्याच्या पोटात जात नसेल तर ते देणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं आहे. सोमवारी जीप येईल आणि डबे रिह्याला जातील. कुणाच्या मनात काही असेल तर त्याने सांगावं. मग तिने डोळे मिटले.

अर्धा तास गेला असेल. मी अप्पांकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि अंगठा बोटांवरून फिरत होता. माझ्या मनात इंग्रजीत एक चांगलं, नेटकं वाक्य तयार होतं. शनिवारी रात्रीपासून मी ते जुळवत होते. हॅनाबाईला ते सरळ कळलं असतं. पण ते बबनरावांना कळलं नसतं, आणि आत स्वयंपाकघरात मावशीलाही नाही. तिथे लाटण्याचा आवाज चालला होता, तो थांबला. हॅनाबाईने डोळे उघडले आणि हात मांडीवर ठेवून उठण्याच्या बेतात पुढे झुकली. बैठक संपली की ती असंच करी.

मी उभी राहिले. उभं राहायची पद्धत नव्हती, पण बसून माझा आवाज निघाला नसता.

“माझं मन तयार नाही,” मी म्हणाले. “यादी मी केली. आठ घरं मी न विचारता रिकामी लिहिली. त्या आठ घरांना वाडीनं रोज आपल्यातलं काढून दिलं. इरल्याखालून जात होतं ते हेच. मी पहिल्या आठवड्यापासून बघत होते आणि गप्प बसले. विकलं कुणी नाही. काल मी तिथं होते, तर मलाही वाटा दिला, आणि तो मी खाल्ला. माझ्याकडे कार्ड नव्हतं.”

बबनराव टोपी फिरवायचे थांबले. अप्पांनी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, तेव्हा मी त्यांना हाताने थांबवलं.

“अप्पा, राहू द्या. त्यांना मी सांगते.”